कॅम्पातून केळशीपर्यंत

जुन्या मित्राच्या घरी जायचं तर सायकलनं जावं, असं माझं मत आता पक्कं झालं आहे. मोटारीशी माझं वैर नाही. हिवाळ्यात आम्ही नवरा-बायको पुण्याहून कोकणात उतरतो ते मोटारीनंच. ताम्हिणी घाट, माणगाव, आंबेतचा पूल, मंडणगड आणि मग दापोली. सायकल मागच्या रॅकला बांधलेली असते. दापोलीला पोचलो की एक दिवस मात्र मी सायकलीसाठी मोकळा ठेवतो. त्या दिवशी बायको तिच्या मैत्रिणीकडे थांबते आणि संध्याकाळी गाडी घेऊन केळशीला येते. मी सकाळीच निघतो आणि मित्रांची घरं घेत घेत केळशी गाठतो. अंतर पन्नास किलोमीटरच्या आतलं. तिला ते कापायला दीड तास पुरतो, मला सगळा दिवस लागतो, आणि तो लागावा अशीच माझी इच्छा असते.

मोटारीतून उतरणारा माणूस उतरण्याआधीच निघायची वेळ ठरवून आलेला असतो. घरच्यांना ते कळतं. चहा घाईनं टाकला जातो, ‘जेवूनच जा’ हे म्हणणं दोन्हीकडून उपचारापुरतं उरतं, आणि पहिली दहा मिनिटं खळ्यात उभ्या असलेल्या गाडीवर जातात. केवढ्याला पडली, अ‍ॅव्हरेज किती देते, रस्ता कसा होता. तेवढ्यात नकळत मापं काढून होतात. कोण पुढं गेला, कोण होता तिथंच राहिला. जुन्या मैत्रीला हे सोसतं, पण तिला ते सोसायला का लावायचं? सायकलवरून येणारा माणूस घामानं निथळत येतो. त्याला आधी पाणी हवं असतं, पाय धुवायला जागा हवी असते, टेकायला ओटी हवी असते. घरातल्या माणसाला त्याच्यासाठी लगेच काहीतरी करता येतं, काही न विचारता. थांबलेलं बोलणं पुन्हा सुरू व्हायला एवढं पुरतं. ज्याला आपल्याकडून काहीच नको, त्याच्याशी काय बोलावं हे भल्याभल्यांना सुचत नाही.

दापोलीला जुनी माणसं अजून कॅम्प म्हणतात. १८१८ साली पेशवाई संपली आणि इंग्रजांनी इथं छावणी घातली, तेव्हापासूनचं ते नाव. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण गाव जवळजवळ आठशे फूट उंचावर, त्यामुळे हवा थंड आणि हलकी. आम्ही इथं आलो ते कृषी विद्यापीठात शिकायला. विद्यापीठ १९७२ सालचं, म्हणजे आम्ही आलो तेव्हा तेही कोवळंच होतं. रविवारी तासाच्या भाड्यानं सायकली घ्यायच्या आणि मुरुडच्या किनाऱ्यावर जायचं, ही आमची चैन. ब्रेकचे रबर झिजलेले, मडगार्ड खडखडणारं, एक जण दांडीवर, एक जण कॅरिअरवर. जाताना सगळी उतरण. परतताना आसूदची चढण सायकल हातात धरून चालत चढायची. आमच्या वर्गात मुली मोजक्याच होत्या आणि त्यातल्या एकीकडे स्वतःची लेडीज सायकल होती. ती चढण न उतरता चढणारी टोळक्यात ती एकटीच. वर पोचली की वडाखाली बसून आमची वाट बघायची.

त्या टोळक्यातले चौघं आज याच रस्त्यावर राहतात. एक आसूदला, एक हर्णैला, एक अंजर्ल्याला आणि ती केळशीला. बाकीचे नोकऱ्यांच्या मागं विखुरले, मीही त्यांतलाच. माझी आताची सायकल गिअरची आहे, पण तिला मी मुद्दाम मागं लोखंडी कॅरिअर बसवून घेतलं. हल्लीच्या सायकलींना ते नसतं. माझ्या या दिवसाला मात्र त्याच्याइतकं गरजेचं काही नाही.

डिसेंबरात सकाळी सातला दापोलीत चांगलीच थंडी असते. गावाबाहेर पडलं की रस्ता पश्चिमेकडं घसरायला लागतो. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, काजू-आंब्याची कलमं, कुठं कुठं पातेरा पेटवल्याचा धूर. पॅडल मारावं लागत नाही, ब्रेकवर दोन बोटं ठेवली की पुरे. वळणावळणानं हवा बदलत जाते. वरची कोरडी, खाली ओढ्याजवळची ओली, आणि आसूदच्या पोफळींत शिरताना अंगावर एकदम गारवा येतो. मोटारीत काचा वर असतात, तिथं हे काही कळत नाही.

आसूद वाचकांना श्री. ना. पेंडशांमुळं माहीत असतं. ते इथल्याच मुर्डीचे, आणि ‘गारंबीचा बापू’ मधलं गाव याच मुलखातून उभं राहिलं. दरीत ओढा, ओढ्याच्या काठानं नारळी-पोफळींची आगरं, पलीकडं पाखाडी चढून गेलं की केशवराजाचं देऊळ. तिथं डोंगरातलं पाणी दगडी पाटानं येऊन गोमुखातून बारा महिने पडत असतं. माझ्या मित्राचं घर ओढ्याच्या अलीकडं. तो शाळेत शिकवत होता, आता निवृत्त झाला आहे आणि आईजवळ असतो.

काकींना नव्वदी जवळ आली आहे. नजर मंदावली, पण पाऊल वाजलं की कोण आलं ते ओळखतात. त्यांच्या हातचा मऊभात, वर तुपाची धार आणि मेतकूट, बाजूला पोह्याचा भाजलेला पापड. मी आठच्या सुमाराला पोचतो तो याच पानासाठी. वसतिगृहातली आम्ही पोरं वेळी-अवेळी त्यांच्याकडं जेवायला असायचो. नावं त्यांना कधीच लक्षात राहिली नाहीत, त्यांनी आम्हाला पानावरून ओळखलं. परवाही त्यांनी एकेकाची चौकशी केली. तो भात टाकणारा कसा आहे? मिरचीचं लोणचं चोरून खायचा तो? तीन वाट्या ताक पिणारा अजून तेवढंच पितो का? त्या ताक पिणाऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली. मित्रानं माझ्याकडं पाहिलं आणि मी सांगितलं, काकी, तो गेला. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग सुनेला म्हणाल्या, ह्याला ताक वाढ. मी तीन वाट्या प्यायलो.

निघताना मित्रानं माझ्या कॅरिअरला एक बाटली बांधली. कोकमाचं आगळ, मीठ घालून केलेलं, गर्द तांबडं. ‘अंजर्ल्याला दे. त्याच्या वाडीतले रातांबे वादळात गेले, तेव्हापासून मी पाठवतो. पण पाठवायचं म्हणजे कुणी जाणारं लागतं ना.’ त्याच्या दारात मोटारसायकल उभी होती. अंजर्लं तिथून पंधरा-वीस किलोमीटर. मी काही बोललो नाही. अशा वस्तू कुरियरनं जात नाहीत आणि नुसत्या त्याच कामासाठी माणूस उठून निघतही नाही. त्यांना जाणारं कुणी लागतं.

मुरुडपर्यंत मी हळू गेलो. तीन वाट्या ताक पोटात होतं आणि ताक पिणारा डोक्यात. एका घरातून उठून लगेच दुसऱ्या घरात शिरलं, तर पहिल्या घरातलं बोलणं अर्धवट राहतं. ते माणसाबरोबर निघतं, थोडा वेळ चालतं आणि मग कुठंतरी आपण होऊन थांबतं. त्याला तेवढा रस्ता द्यावा लागतो. मोटारीत लगेचच पुढचं दार येतं. तोंडात अजून मागची चव आणि समोरचा ‘ये ये’ म्हणतोय. सायकलवर तास-दीड तास मिळतो. पहिले मैल-दोन मैल मागच्या माणसाचे, मग काही काळ कुणाचेच नाहीत, आणि शेवटचे पुढच्या माणसाचे. त्याच्या मुलीचं लग्न झालं का, गेल्या खेपेला तो कशावरून नाराज होता, त्याला काय विचारायचं आणि काय अजिबात विचारायचं नाही, हे सगळं त्या शेवटच्या चढ-उतारांत मनाशी जुळत जातं.

मुरुड हे अण्णासाहेब कर्व्यांचं गाव. सरकारी परीक्षेला बसण्यासाठी ते इथून साताऱ्याला चालत गेले होते, बरोबर गावातली आणखी मुलं होती. सह्याद्री चढून, भर पावसात. तिथं पोचल्यावर वय सतरापेक्षा कमी दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. ही हकिकत शाळेत आम्हाला जिद्दीची म्हणून शिकवली. मला आता त्यातलं परतीचं चालणं आठवतं. नकार ऐकून पुन्हा तेवढाच रस्ता, तीच मुलं बरोबर. त्या वाटेवर ती काय बोलली असतील? पुढं कर्व्यांनी आयुष्यभर माणसं जोडली, गावासाठी मुरुड फंड काढला, पै-पैसा गोळा करत दारोदार पायी हिंडले. चालत जाऊन भेटलेल्या माणसावर त्यांचा विश्वास होता असं मला वाटतं.

सालदुरं सोडलं की हर्णै जवळ येतं आणि समुद्रातला सुवर्णदुर्ग दिसू लागतो. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं. १७५५ साली इंग्रजांच्या कमोडोर जेम्सनं ते घेतलं. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. मी पोचलो तेव्हा सकाळचा लिलाव संपत आला होता. होड्या खोल पाण्यात उभ्या असतात, मासळी काठापर्यंत आणायला बैलगाड्या समुद्रात शिरतात. बैलांच्या पोटाला लाटा लागतात आणि तरी ते शांतपणे उभे असतात. वाळूवर कोळंबी, बांगडे, सुरमई, म्हाकुळ यांचे ढीग. बोली बोलणाऱ्या बायकांचा आवाज एवढ्या वाऱ्यातही स्वच्छ ऐकू येतो. वहिनी तिथंच होत्या. मला पाहून त्यांनी बोली न थांबवता नुसता हात केला, घराकडं.

हा मित्र कोळीवाड्यातला. घरात पहिला पदवीधर. पदवी घेऊन वर्षभर नोकरी केली आणि बापाला बरं नाही म्हणून होडीवर परत आला तो कायमचाच. आता होडी मुलगा बघतो. यानं दारातल्या बाकावर मला बसवलं, तांब्या दिला आणि पहिलाच प्रश्न केला, ‘पाठ दुखते का रे अजून?’ गेल्या खेपेला मी पाठीबद्दल बोललो होतो, हे मी स्वतः विसरलो होतो.

मग तो समुद्राबद्दल बोलला. त्याचं बोलणं मी नीट ऐकतो, कारण पुण्यात बसून मासे खाणाऱ्याला ते ऐकायला मिळत नाही. रात्री झगझगीत एलईडी दिवे लावायचे, उजेडाला मासा गोळा झाला की पर्ससीन जाळ्यात सगळाच्या सगळा उचलायचा. केंद्र सरकारनं या दिव्यांच्या मासेमारीवर २०१७ सालीच बंदी घातली, पण समुद्रात पहारा कोण देणार? लहान मासा, अंड्यावरची मादी, सगळं एकदम वर येतं. पारंपरिक होडीवाला डिझेल जाळून, बर्फ घेऊन जातो आणि अर्धी टोपली घेऊन येतो. पावसाळ्यात जून-जुलै हे दोन महिने मासेमारी बंद असते, ती बंदी तो प्रामाणिकपणे पाळतो. ‘आपण पाळायची आणि पिकल्यावर दुसऱ्यानं न्यायचं,’ तो म्हणाला. त्याच्या आवाजात चीड नव्हती, थकवा होता, आणि मला त्या थकव्याची जास्त भीती वाटली. त्याला सल्ला द्यायला माझ्याकडं काही नव्हतं आणि त्यालाही तो नको होता. जेवताना बांगड्याचं तिखलं आणि तांदळाची भाकरी. वहिनी लिलावातून येऊन हात धुऊन आमच्यातच बसल्या आणि आज भाव कसा पडला ते सांगत राहिल्या.

कॅरिअरवर आता सोड्यांची एक पुडी चढली. वर्तमानपत्रात, मग प्लास्टिकमध्ये, मग पुन्हा वर्तमानपत्रात बांधलेली. अंजर्ल्याच्या घरी वहिनींना आवडतात म्हणून. ‘त्याला भेटून किती दिवस झाले?’ मी विचारलं. तो आठवू लागला. गणपतीत? नाही, त्याच्याही आधी.

हर्णै आणि अंजर्लं यांच्यामध्ये जोग नदीची खाडी आहे. आम्ही शिकत होतो तेव्हा तिथं पूल नव्हता. तर लागायची. सायकल तरीत आडवी घालायची, तरवाल्याला पैसे द्यायचे आणि पलीकडं उतरायचं. तर पलीकडं असली की अलीकडच्यांनी थांबायचं. त्या थांबण्यात गाठी पडायच्या. मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका, शाळेची पोरं, मुंबईहून आलेला चाकरमानी, भटजी. हर्णैचा हा आणि अंजर्ल्याचा तो, दोघांची ओळख मुळात तरीवरची, विद्यापीठातली नंतरची. मग पूल झाला. पूल व्हायलाच हवा होता. अडलेली बाई रात्री दवाखान्यात वेळेवर पोचते, भरती-ओहोटीचा हिशेब करावा लागत नाही, हे ज्यानं पाहिलं त्यानं पुलाविरुद्ध बोलू नये. पण दोन किनाऱ्यांवरच्या माणसांना एकमेकांची वाट बघायला लावणारं जे होतं, ते पुलाबरोबर गेलं. आता भेटायचं तर ठरवून भेटावं लागतं, आणि आपल्या माणसाला भेटायचं ठरवणं सगळ्यात मागं पडतं, कारण तो कुठं पळून जाणार आहे? हर्णैच्या मित्राचा मुलगा रोज त्या पुलावरून मोटारसायकलनं जातो. वडिलांच्या मित्राचं घर रस्त्यापासून दोनशे पावलांवर आहे.

अंजर्ल्याला मी अडीचच्या उन्हात पोचलो. बेडं उघडून सायकल आत घेतली आणि वाडीच्या तोंडाशीच थांबलो. वादळानंतर कितीदा आलो तरी तिथं थांबायला होतंच.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आलं. ते धडकलं वर रायगडच्या किनाऱ्यावर, पण दापोली-मंडणगडची किनारपट्टी त्यात पार उद्ध्वस्त झाली. दुपारच्या काही तासांत पिढ्यांची आगरं आडवी झाली. अंजर्ल्याच्या या वाडीत आत शिरलं की दुपारीही संधिप्रकाश असायचा. पोफळी इतक्या दाट, की सुपारी काढणारा गडी एका झाडावर चढला की खाली उतरायचाच नाही. शेंड्याला धरून झोका घ्यायचा, पोफळ कमानीसारखी वाकायची, तो पुढच्या झाडाचा शेंडा पकडायचा आणि मागचं सोडून द्यायचा. सोडलेली पोफळ सपकन् सरळ व्हायची आणि वरून पानांतला पाऊस पडायचा. विद्यार्थी असताना हा मित्र स्वतः असा झोके घेत वाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला मी पाहिला आहे. खाली आम्ही श्वास रोखून उभे, आणि वरून त्याचं हसणं पोफळी-पोफळींतून पुढं सरकत चाललेलं.

वादळानंतर उभ्या राहिलेल्या पोफळी एकमेकींपासून इतक्या लांब आहेत, की झोका घेऊन जायला शेजारी झाडच नाही. प्रत्येक झाडाला वेगळं चढायचं, वेगळं उतरायचं. नुकसान एवढ्यावर थांबत नाही. मिरीचे वेल पोफळींवर चढवलेले होते, ते पोफळींबरोबर गेले. जायफळाची जी झाडं वाचली, त्यांची सावली गेली आणि ती उन्हानं करपली. सावलीतच जगणारी ही शेती, तिचं छप्पर गेलं की खालचं काही टिकत नाही.

तेव्हा टाळेबंदी होती. मी पुण्यात अडकलो होतो. फोन लागत नव्हते, वीज कित्येक आठवडे नव्हती. रस्त्यांवर झाडं, खांब, तारा. गाड्या कुठंच जाऊ शकत नव्हत्या. आसूदचा मित्र तेव्हा मुलाची जुनी सायकल घेऊन निघाला. कॅरिअरला तांदूळ, मेणबत्त्या, काड्यापेट्या. झाड आडवं आलं की सायकल खांद्यावर घ्यायची, पलीकडं उतरायची, पुन्हा पुढं जायचं. सकाळी निघाला तो दुपार कलताना अंजर्ल्याला पोचला. हे मला आसूदच्यानं कधीच सांगितलं नाही. अंजर्ल्याच्या वहिनींनी सांगितलं. म्हणाल्या, ‘भावोजी आले, तांदूळ ठेवले आणि ह्यांच्याशेजारी पायरीवर बसून राहिले. दोघं एक अक्षर बोलले नाहीत. पण हे त्या दिवशी पहिल्यांदा जेवले.’

मी आगळाची बाटली पुढं केली तेव्हा त्यानं ती उजेडाला धरून पाहिली. ‘ह्या वर्षीचं चांगलं आलंय,’ म्हणाला. मग मला वाडीत घेऊन गेला. नवी लावण आधी केळीची, कारण कोवळ्या पोफळीला ऊन सोसत नाही. केळीच्या सावलीत पोफळीची रोपं धरायची, ती डोक्यावर गेली की केळ काढत जायची. रोपं सगळी श्रीवर्धनी रोठ्याची, केळशीच्या आमच्या मैत्रिणीच्या रोपवाटिकेतून आणलेली. बऱ्याचशा पोफळी आता माझ्या डोक्याच्या वर गेल्या आहेत. एका झाडाशी तो थांबला, वाळून सुटत आलेली विरी त्यानं अलगद ओढून काढली आणि मला बोट दाखवलं. विरीच्या आत, खोडाला चिकटून, हिरवी, जेमतेम वीतभर पोय, कोवळा फुलोरा. या लावणीतली पहिली.

तो साठीला आला आहे. पोफळीचा बाग भरात यायला आणखी बरीच वर्षं लागतील, मग पुन्हा मिरी चढवायची, जायफळ लावायचं. शेंड्यावरून शेंड्यावर जाता येईल इतकी दाट वाडी त्याच्या नातवाच्या वेळेला होईल. हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. त्याबद्दल तो काही बोलला नाही. ओटीवर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत राहिला. त्याच्या हाताकडं मी पाहत होतो. सुपारी चिमटीत फिरते, पातं एकदाही अडत नाही, आणि प्रत्येक काप कागदाइतका पातळ. कातरता कातरता त्यानं हर्णैच्याची चौकशी केली. एलईडीचं सांगितल्यावर हात थांबला. ‘त्याला म्हणावं, एक दिवस ये. नुसता ये.’ मी म्हटलं, तूच जा ना. तो हसला आणि पुन्हा कातरायला लागला.

निघायला चार वाजले. कॅरिअरवरून आगळ आणि सोडे उतरले होते, त्यांच्या जागी जायफळं आणि कातरलेल्या सुपारीचा डबा आला. केळशीसाठी. ‘तिला सांग, पोय आली,’ असा निरोप बरोबर.

पाडले, आडे, उटंबर. हा रस्ता मला सगळ्यांत आवडतो. डावीकडं समुद्र, उजवीकडं डोंगर, मधूनमधून सुरूची बनं. या किनाऱ्यांवर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि गावातली माणसं ती घरटी जपतात. आड्याला भार्गवरामाचं देऊळ लागतं. उटंबरच्या चढाला मी खालच्या गिअरवर आलो आणि दिवसभराची माणसं एकदम मनात दाटली. चौघंही एकमेकांबद्दल बोलतात, एकमेकांना वस्तू पाठवतात, एकाचं दुखलं तर दुसऱ्याच्या घरी पान अडतं. आणि तरी वर्ष-वर्ष भेट नाही. दीडशेहून अधिक किलोमीटरवरून मी येतो आणि वीस किलोमीटरवरची माणसं माझ्याकडून निरोप पाठवतात. मला याचं दिवसभर वाईट वाटत आलं होतं, आणि चढावर ते जास्तच जाणवलं. पाहुण्यानं निरोप पोचवणं ठीक, पण भेटीची जागा निरोपानं घ्यावी हे मला मान्य नाही.

केळशीत शिरताना ऊन तिरपं झालं होतं. खाडीच्या तोंडाशी इथली ती वाळूची टेकडी आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिचे थर तपासले, त्यांत भांडी, नाणी, हाडं मिळाली, आणि सोळाव्या शतकात समुद्रानं इथं कधीतरी मोठी उचल खाल्ली असावी असं अनुमान त्यांनी मांडलं. म्हणजे या किनाऱ्यानं असं आधीही पाहिलं आहे, आणि लोक पुन्हा आगरं लावून राहिले आहेत.

ती रोपवाटिकेतच होती. गुडघ्यापर्यंत साडी खोचलेली, हाताला माती. मला पाहून म्हणाली, ‘उटंबरला उतरलास की नाही?’ नाही उतरलो, असं मी सांगितलं तेव्हा तिला बरं वाटलं. सगळ्या वस्तू एकेक करून तिनं ओटीवर मांडल्या. जायफळ फोडून वास घेतला. डब्यातली चिमूटभर सुपारी तोंडात टाकली. काकींचं ताक, हर्णैचा थकवा, सगळं मी सांगितलं. पोय आली हे सांगितल्यावर ती उठून उभी राहिली.

‘कोणत्या ओळीतली?’

विहिरीकडच्या, मी म्हटलं.

‘तिथं मी स्वतः लावलेलं एक आहे. त्याला कळत पण नाही कोणतं ते.’ तिनं फोन काढला आणि अंजर्ल्याला लावला. पोय आली तर कळवायचं नाही का, इथपासून सुरुवात झाली, आणि मग आवाज खाली येत येत ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली. फोन ठेवल्यावर पुन्हा हर्णैला लावला. उद्या दुपारी अंजर्ल्याला ये म्हणाली, कारण विचारू नकोस, मासळी आण.

तेवढ्यात बायको गाडी घेऊन आली. माझ्यापेक्षा कितीतरी तास उशिरा निघून अगदी ताजी. मी रॅकचे पट्टे सोडवायला लागलो, तशी केळशीची मैत्रीण ओटीवरून म्हणाली, ‘सायकल बांधू नकोस. उद्या सकाळी मी नेते. तुम्ही दोघं मागनं गाडीनं या, आसूदच्याला आणि काकींना वाटेत घेऊन.’

वाटेत नाही, आसूद अंजर्ल्याच्याही पुढं आहे, मी म्हटलं.

‘मग लवकर निघा.’ तिनं हँडल धरून सायकल पुढं-मागं हलवून पाहिली, दोन्ही ब्रेक दाबले, घंटी वाजवली. मग सीटवर हात ठेवला. ‘ही उंच आहे. दोन बोटं खाली घे.’

मी पाना शोधायला गाडीकडं वळलो.